संकोची माणसाचे धैर्य : महर्षी धोंडो केशव कर्वे

थोरांची चरित्रे वाचताना सामान्य वाचकाची एक अडचण होते. रणांगणावर देह ठेवणारे वीर, हसतमुखाने फासावर चढणारे क्रांतिकारक यांच्या कथांनी ऊर भरून येतो, मस्तक नमते. परंतु पुस्तक मिटल्यावर मनात हळूच एक विचार येतो, की ही माणसे वेगळ्याच मातीची होती. त्यांना भीती ठाऊकच नव्हती. आम्हांस ती रोज भेटते. आमची भीतीही फार लहान, सांगताना लाज वाटावी अशी. सभेत उठून दोन शब्द बोलण्याची भीती. अनोळखी दारावर थाप मारून काही मागण्याची भीती. नोकरी गेली तर मुलांचे काय होईल ही भीती. आणि या सर्वांवर मात करणारी, चार लोक काय म्हणतील ही भीती. अशा भीतीवर कोणी पोवाडे रचीत नाही. तरीही माणसाच्या आयुष्याचे बहुतेक निर्णय हीच भीती घेत असते.

परप्रांतात संसार थाटलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना तिचा परिचय जरा अधिकच आहे. नव्या गावी भाषा येत नाही म्हणून बाजारात बोट दाखवून भाजी घ्यावी लागते, तेथपासून तिचा आरंभ होतो. आजारपणात हाकेच्या अंतरावर आपले माणूस नसते. मुलीच्या लग्नाचा विषय निघाला, की आपण येथे असूनही गावाकडील भाऊबंद काय म्हणतील याची धास्ती पाठ सोडीत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस अशी आपल्याकडे म्हणच आहे. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत म्हणून आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र सांगत आहोत, जो स्वभावाने भिडस्त होता, अखेरपर्यंत मृदू व मितभाषीच राहिला, आणि तरीही ज्याने आपल्या समाजातील सर्वांत मोठ्या भयाशी उभा दावा मांडला. ते म्हणजे भारतरत्न महर्षी अण्णासाहेब कर्वे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे मुरुड. वडील केशवपंत गरीब, पण मानी गृहस्थ होते. घरी खाण्यापिण्याची टंचाई नसली तरी पैशाची सदैव ओढ होती. मुलगा हुशार होता, परंतु कमालीचा लाजाळू. चारचौघांत पुढे व्हावे, आपली बाजू ठासून मांडावी, हे त्यास जमत नसे. या संकोची वृत्तीचा उल्लेख त्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तातही मोकळेपणाने केला आहे. ज्या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो पुढे साठ वर्षे लोकांसमोर उभा राहून संस्थांसाठी झोळी पसरील, असे भाकीत त्या काळी मुरुडात कोणी केले असते तर ते हास्यास्पद ठरले असते.

या मुलाच्या आयुष्यातील पहिली मोठी परीक्षा १८७५ साली आली. सरकारी नोकरीसाठी उपयोगी पडणारी मराठी सहावीची परीक्षा देण्यास त्यास साताऱ्यास जावयाचे होते. पावसाळ्यामुळे समुद्रमार्ग बंद होता. तेव्हा काही सोबत्यांबरोबर हा सतरा वर्षांचा मुलगा सह्याद्री ओलांडून पायी निघाला. शंभरांहून अधिक मैलांची ती वाट; वर पाऊस, खाली चिखल, पाठीवर बोचके. थकून भागून ही मंडळी साताऱ्यास वेळेवर पोहोचली. परीक्षेस बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. समितीपुढे उभा राहिल्यावर त्या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहून तो सतरा वर्षांचा असेल असे अधिकाऱ्यांस वाटेना. जवळच्या दाखल्याचा उपयोग झाला नाही, आणि त्यास परीक्षेस बसू दिले नाही. आला त्याच वाटेने तो परत फिरला.

या प्रसंगाकडे जिद्दीची कथा म्हणून नेहमी पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. सह्याद्रीचा घाट पावसात चढून जाण्याची त्या मुलास भीती वाटली नाही. परंतु टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्यापुढे त्याचे काही चालले नाही. शरीराचे कष्ट आणि मनाचा संकोच ही दोन निरनिराळी प्रकरणे आहेत. पायांत बळ असलेल्या माणसाच्या कंठात ते असेलच असे नाही. हा भेद ओळखला म्हणजे स्वतःला भित्रा म्हणून सरसकट दोष देण्याचे कारण उरत नाही. आपली भीती नेमकी कोठे आहे, हे पाहणे ही तिला आवरण्याची पहिली पायरी होय. कर्वे खचले नाहीत. पुढे कोल्हापूर केंद्रातून त्यांनी तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

मुरुडात त्यांना सोमण गुरुजींसारखे शिक्षक लाभले होते. गावात वर्तमानपत्र येई, पण ते वाचता येणारे थोडे. तेव्हा गुरुजींच्या प्रेरणेने दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांपुढे वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम या विद्यार्थ्याकडे आले. लाजाळू मुलासाठी यापेक्षा चांगली शाळा दुसरी नव्हती. भाषण करावयाचे नाही, स्वतःचे मत सांगावयाचे नाही. डोळे कागदावर ठेवून दुसऱ्याने लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचावयाचा. ऐकणारे गावचेच. भीतीचा घास असा लहान करून घेतला म्हणजे तो गिळता येतो. आजचे मानसशास्त्रही याहून फारसे वेगळे सांगत नाही. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळीत गेले की भीती वाढते. थोडी थोडी करून तिला वारंवार सामोरे गेले की ती उतरते. छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हे सारे होतच राहते; पण त्यामुळे काही प्राण जात नाही, हे शरीर हळूहळू शिकते.

पुढील शिक्षण त्यांनी मुंबईत शिकवण्या करीत पूर्ण केले. १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, गणित विषय घेऊन एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. मुंबईत शाळांतून शिकवणे आणि खासगी शिकवण्या यांवर प्रपंच चालला होता. १८९१ साली दोन घटना घडल्या. पत्नी राधाबाई अकाली निवर्तल्या, आणि त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून त्यांना पाचारण झाले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यामुळे ती जागा रिकामी झाली होती, आणि तीवर येण्यास नामदार गोखले यांनी कर्व्यांना बोलावले होते. पुण्यातील प्रतिष्ठित संस्थेत स्थिर जागा मिळाली. लहान मुलगा रघुनाथ पदरात होता. आता दुसरे लग्न करून सुखाने संसार करावा, असेच कोणीही म्हटले असते.

त्या काळी तिशी ओलांडलेल्या विधुरास दहाबारा वर्षांची वधू सहज मिळे. याउलट आठदहा वर्षांची मुलगी विधवा झाली तर तिला जन्मभर तसेच राहावे लागे. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. परंतु कायद्याने परवानगी दिली तरी समाजाची भीती कायद्याहून मोठी ठरली. न्यायमूर्ती रानड्यांसारखा सुधारकांचा अग्रणी, पण १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनाही मान तुकवावी लागली, आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी त्यांचे लग्न झाले. हे सांगताना रानड्यांना उणे लेखण्याचा आमचा हेतू नाही. पित्याचे दुःख डोळ्यांनी पाहणे हे लोकनिंदेपेक्षा कठीण असते, एवढेच त्यातून ध्यानात यावे.

कर्व्यांनी ठरवले की दुसरा विवाह करावयाचा तर विधवेशीच, नाहीतर करावयाचा नाही. त्यांचे मुंबईतील स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई ही लग्नानंतर काही महिन्यांतच, बालवयात विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन उघडले तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. तिच्या वडिलांनी संमती दिली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

यानंतर मुरुडात जे व्हायचे ते झाले. गावाने बहिष्काराचा ठराव केला. बहिष्कार हा शब्द आता आपल्याला नुसता पुस्तकी वाटतो. त्याचा त्या काळचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ज्याच्यावर बहिष्कार पडे त्याच्या घरी कोणी पान घेत नसे, भटजी कार्यास येत नसे, मुलामुलींच्या सोयरिकी जमत नसत, मरणाला खांदा देण्यास माणसे मिळत नसत. आणि त्याच्याशी संबंध ठेवणाऱ्याचीही तीच गत होई. कर्वे पुण्यात होते. ठरावाची खरी झळ मुरुडात राहणाऱ्या आईला, भावाला, बहिणीला लागणार होती. मुलाला घरात घेतले तर संपूर्ण घर वाळीत पडणार. ज्या गावाच्या देवळात त्यांनी वर्तमानपत्र वाचले, ज्या गावाच्या हितासाठी आपल्या उत्पन्नातील वाटा काढून त्यांनी मुरुड फंड उभा केला, त्याच गावात स्वतःच्या आईच्या घरी राहण्याची त्यांना चोरी झाली.

भीतीची ही रीत नीट पाहण्यासारखी आहे. ती आमच्या अंगावर सरळ चालून येत नाही. आमचे ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांना ती पुढे करते. स्वतःचे काय व्हायचे ते होवो, असे म्हणणारी माणसे अनेक असतात. परंतु म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांतील पाण्यापुढे तसे म्हणवत नाही. कर्व्यांचा स्वभाव तर फारच कोमल. त्यांना या गोष्टीने किती यातना झाल्या असतील याची कल्पना कुटुंबवत्सल माणसालाच येईल. त्यांनी गावाशी भांडण मांडले नाही, वृत्तपत्रांतून मुरुडकरांची निंदा केली नाही, आणि केलेल्या विवाहाबद्दल माफीही मागितली नाही. ठराव करणाऱ्यांची स्थितीही त्यांनी ओळखली असावी असे आम्हांस वाटते. ज्याने कर्व्यांशी संबंध ठेवला तो स्वतः वाळीत पडणार; म्हणजे बहिष्कार घालणारा प्रत्येक जण शेजाऱ्याला भिऊन बहिष्कार घालीत होता. एकमेकांच्या भीतीने बांधलेल्या त्या गावात दुष्ट असे फार थोडेच असतील. हे एकदा उमगले म्हणजे मनातील कडवटपणा जातो, आणि कडवटपणा गेला की भीतीचाही जोर ओसरतो.

त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापण्यात पुढाकार घेतला. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले, की विवाहास तयार होणाऱ्या विधवा बोटांवर मोजण्याइतक्याच असणार. उरलेल्या हजारोंची भीती वेगळीच आहे. उद्या दिराने घराबाहेर काढले तर खायचे काय, ही ती भीती. तिला व्याख्यानाने उत्तर देता येत नाही. हातात विद्या आणि तिच्यामागून येणारी भाकर हेच तिचे उत्तर. या विचाराने १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्थेचे अध्यक्ष झाले.

आता त्या लाजाळू गणिताध्यापकास ती गोष्ट करावी लागली जी भिडस्त माणसाला सर्वांत अवघड वाटते, ती म्हणजे मागणे. महाविद्यालयाच्या सुट्या लागल्या की कर्वे वर्गणी गोळा करण्यास निघत. गावोगाव फिरावे, ओळखीच्या घरी उतरावे, दारोदार जावे. कोठे आदर मिळे, कोठे अपमान. ज्याने विधवेशी लग्न केले त्याला उंबऱ्याच्या आत घेण्यास कित्येकांची तयारी नसे. अशा वेळी माणूस दोन प्रकारांनी मोडतो. एकतर तो मागणे सोडून देतो, नाहीतर नकारामुळे त्याची जीभ तिखट होते. कर्व्यांचे दोन्हीही झाले नाही, आणि याचे रहस्य त्यांच्या गणिती वृत्तीत असावे. पैशाचा हिशेब ते काटेकोर ठेवीत. एक आणा देणाऱ्याचीही नोंद होई. नकार हा त्यांच्या लेखी आपल्या व्यक्तित्वाचा पराभव नव्हता. आज या घरातून शून्य मिळाले, एवढीच ती नोंद. पुढचे घर बाकी आहेच. मागणारा स्वतःसाठी मागत नसला आणि त्याचा हिशेब स्वच्छ असला, म्हणजे संकोच राहिला तरी त्याला दरवाजापर्यंत जाता येते.

पुढे पुण्यात प्लेगने हाहाकार उडवला. शहराबाहेर जागा शोधणे भाग पडले. गणेश गोविंद गोखले या उदार गृहस्थांनी पुण्यापासून सुमारे चार मैलांवर हिंगणे येथे जमीन दिली. तेथे एक साधी झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तेथे गेला. आजचे कर्वेनगर ते हेच. तेव्हा मात्र ते ओसाड रान होते. ना रस्ता, ना दिवा. महाविद्यालयात दिवसभर शिकवून कर्वे संध्याकाळी पायी हिंगण्यास जात, तेथील मुलींचा अभ्यास पाहत, आणि सकाळी पुन्हा महाविद्यालयात हजर होत. पावसाळ्यात चिखलातून, काळोखातून, हातात आश्रमाला लागणारे किडूकमिडूक सामान घेऊन हा क्रम दीर्घकाळ चालला. भीतीवर ज्यांना उपाय हवा असेल त्यांनी या रोजच्या वाटचालीचे चिंतन करावे. विधवांच्या प्रश्नाचा संपूर्ण डोंगर त्यांनी रोज डोळ्यांपुढे आणला असता तर त्यांचे पाय लटपटले असते. त्यांनी रोज फक्त चार मैल चालायचे ठरवले.

प्रपंचाची भीती मात्र त्यांच्यापेक्षा आनंदीबाईंच्या वाट्याला अधिक आली, हे येथे सांगितलेच पाहिजे. अण्णा हाताशी आलेला पैसा आश्रमात घालीत. आपला आयुर्विमाही त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकला. उद्या काही बरेवाईट झाले तर मुलाबाळांचे काय, हा प्रश्न आनंदीबाईंनी विचारला असेल तर तो स्वार्थाचा नव्हता. त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेतले, काटकसरीने संसार केला, पतीच्या कामासाठी वर्गणीही गोळा केली, आणि पुढे आपल्या आठवणींत मनातील रुखरुख झाकून न ठेवता सांगितली. थोर पुरुषाच्या निर्भयतेचे मोल पुष्कळदा त्याच्या घरातील स्त्री चुकते करीत असते. भीती मनात असूनही संसार पाठीवर घेऊन उभ्या राहिलेल्या आनंदीबाई या आमच्या मते अण्णांच्या बरोबरीच्याच धैर्यशाली होत.

आश्रमाचे खरे यश तेथील स्त्रियांच्या अंगी आलेल्या आत्मविश्वासात दिसते. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण घ्या. तरुणपणी वैधव्य आलेली, केशवपन झालेली ही कोकणातील स्त्री आश्रमात येऊन मोठेपणी शिकली, आश्रमाची व्यवस्था पाहू लागली, आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडून व्याख्याने देऊ लागली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ साली, इंग्रजी शिकावे व संस्थेस मदत मिळवावी म्हणून ती एकटी अमेरिकेस गेली, आणि तेथे परक्या घरी मोलमजुरी करून राहिली. मोडकेतोडके इंग्रजी घेऊन परदेशी उतरलेल्या त्या बाईला काय काय वाटले असेल, हे परमुलखात पहिले पाऊल टाकलेल्या आमच्या भगिनींना निराळे सांगावयास नको.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कर्वे फार जपून वागत, असे त्यांच्या काळच्या काही कडव्या सुधारकांस वाटे. विधवाविवाहोत्तेजक हे मंडळीचे नाव बदलून त्यांनी ते विधवाविवाहप्रतिबंधनिवारक असे सौम्य केले. आश्रम विधवाविवाहाच्या चळवळीपासून वेगळा ठेवला, कारण तसे न केल्यास घाबरलेले पालक मुलींना तेथे पाठवणार नाहीत, असे त्यांना वाटे. आश्रमाचे दार आरंभी बरीच वर्षे उच्चवर्णीय स्त्रियांपुरतेच उघडे राहिले, आणि ही त्याची उणीव होती यात संशय नाही. मग हे धोरण होते की भीती? आमचे मत असे, की दोहोंमधील सीमारेषा पुसट असते, आणि ती कोणाही माणसाला नेहमी अचूक दिसत नाही. लोकांच्या भीतीला सांभाळून घेता घेता आपणही थोडे भ्यालो, असे प्रत्येक सावध माणसाच्या हातून घडते. पाहावयाचे ते इतकेच, की तो तेथेच थांबला की पुढे गेला. कर्वे पुढे गेले. १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी मानवी समतेच्या प्रसारासाठी समता संघ स्थापन केला. ज्या वयात माणसे जुन्या चुकांचे समर्थन करीत बसतात, त्या वयात त्यांनी आपल्या कार्याची कक्षा वाढवली.

मधल्या काळात संस्थांचा वटवृक्ष झाला होता. १९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९०८ साली निष्काम कर्ममठ. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ साली मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना त्यांनी मांडली. मोजक्या विद्यार्थिनी, अपुरा पैसा आणि सरकारी मान्यतेचा अभाव अशा स्थितीत १९१६ साली ते सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे हे त्याचे वैशिष्ट्य. ही कल्पना अव्यवहार्य मानणारे त्यांच्या स्नेह्यांतही होते. शत्रूचा विरोध सोसतो, मित्राची शंका मन पोखरते. कर्वे वाद घालीत बसले नाहीत; पुन्हा झोळी घेऊन हिंदुस्थानभर फिरले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास मिळाले. तेच आजचे एसएनडीटी महिला विद्यापीठ.

१९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते युरोप, अमेरिका व जपानच्या प्रवासास निघाले. त्यानंतर आफ्रिकेचाही दौरा झाला. त्यांचे चिरंजीव शंकर हे डॉक्टर म्हणून पूर्व आफ्रिकेत मोंबासा येथे राहत होते. म्हणजे घरापासून दूर गेलेल्या मुलाची काळजी या पित्यासही ठाऊक होती. परक्या देशांत व्यासपीठावर उभे राहून आपल्या कार्याची माहिती सांगणारे हे वृद्ध गृहस्थ फर्डे वक्ते झाले होते काय? तसे म्हणता येणार नाही. ते साधेच बोलत, हळू बोलत. परंतु जे सांगावयाचे ते त्यांच्या रोजच्या जगण्यातले असल्यामुळे शब्द शोधावे लागत नसत. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेडोपाडी प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी आणखी एक मंडळ स्थापले आणि पुन्हा वर्गणीस प्रारंभ केला. १९५० साली आनंदीबाई गेल्या. १९५५ साली त्यांना पद्मविभूषण आणि १९५८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. हयात भारतीयाचे चित्र देशाच्या तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ होती. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे आयुष्य पूर्ण करून, ते पुण्यात निवर्तले.

या दीर्घ चरित्रातून भीतीविषयी आम्ही काय घ्यावे? कर्व्यांनी भीती जिंकली असे आम्ही म्हणणार नाही. स्वभाव बदलण्याच्या खटपटीत त्यांनी आयुष्य घालवले नाही. भिडस्त राहूनच त्यांनी मागितले, लाजाळू राहूनच ते बोलले, आईच्या दुःखाने व्याकूळ होऊनही त्यांनी आपला निर्णय फिरवला नाही. भीती घरात राहील, पण घरची कर्ती होणार नाही, एवढी व्यवस्था त्यांनी लावली. भीती जाईल आणि मग मी पाऊल उचलीन, असे म्हणणारा जागेवरच म्हातारा होतो. पाऊल आधी उचलावे लागते, आणि ते लहान असले तरी चालते.

आपल्यासारख्या मंडळांचे एक मोठे कार्य आम्हांस याच संदर्भात दिसते. मुरुडच्या देवळात गावकऱ्यांपुढे वर्तमानपत्र वाचणाऱ्या त्या मुलाला जी संधी मिळाली, ती आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात, वाचनालयात, नाटकाच्या तालमीत आपल्या मुलांना मिळत असते. रंगमंचावर येऊन पाठ केलेल्या चार ओळी विसरणारी चिमुरडी, हळदीकुंकवाच्या समारंभात आभार मानताना आवाज कापणारी नवी सून, वर्गणीपुस्तक हाती घेऊन प्रथमच एखाद्या अनोळखी मराठी पाटीच्या दाराशी घुटमळणारा तरुण, यांना हसू नये. आपलीच माणसे समोर आहेत, चुकले तरी सांभाळून घेतील, असा विश्वास जेथे मिळतो तेथेच भीतीचा पहिला घास लहान होतो. येत्या उत्सवात मागच्या रांगेत बसणाऱ्या एखाद्या अबोल मुलाच्या हाती निवेदनाचा कागद द्यावा, आणि त्याचे वाचून होईपर्यंत सर्वांनी शांतपणे ऐकून घ्यावे.